ब्रेकबाईंनी निवडलेलं हॉस्पिटल

गाडी शिकवणाऱ्या बाईंना ‘ब्रेकबाई’ हे नाव कुणी दिलं, ते आता कुणालाच आठवत नाही. शिकाऊ गाडीत शेजारच्या सीटपाशीही एक ब्रेक असतो. त्यावर बाईंचा उजवा पाय कायम टेकलेला असायचा, आणि समोर आलेली सायकल विद्यार्थ्याला दिसायच्या आत गाडी थांबलेली असायची. “मी नाही हं दाबला, तुम्हीच दाबलात,” असं त्या मख्ख चेहऱ्याने सांगायच्या. घाबरट माणसाला तेवढाच धीर.

बाईंनी पन्नाशी ओलांडली होती. लग्न राहून गेलं. आधी वडील, मग आई, दोघांची आजारपणं त्यांनीच काढली, आणि त्यातून मोकळ्या झाल्या तेव्हा विचारणारं कुणी उरलं नव्हतं. एका लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहायच्या. खाली दिवसभर इस्त्र्या चालायच्या, त्यामुळे थंडीतही फरशी कोमट असायची. माणसं मात्र टिकत नसत. महिना दोन महिने रोज शेजारी बसून घरचं सगळं सांगणारा विद्यार्थी एकदा परवाना हातात पडला की जो जायचा तो जायचाच. क्वचित कुणी सिग्नलला हॉर्न वाजवून हात करायचा. बाई हात करायच्या आणि मनात म्हणायच्या, अरे, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेव.

उजव्या मांडीतली गाठ त्यांना पहिल्यांदा लागली ती सीटवरून उतरताना. दुखत नव्हतं. ब्रेक दाबून दाबून पाय भरला असेल, असं म्हणून त्यांनी तो विषय सोडून दिला. पण गाठ काही त्यांना सोडेना. पँट एका मांडीला घट्ट व्हायला लागली तेव्हा त्या घरामागच्या छोट्या हॉस्पिटलातल्या सर्जनकडे गेल्या. आईचं ऑपरेशन याच सर्जनने केलं होतं.

त्याने पाय नीट दाबून पाहिला, फोटो काढायला लावले, सुईने बारीकसा तुकडा घेऊन तपासायला पाठवला. रिपोर्ट आला त्या दिवशी त्याने बाईंना सगळ्यात शेवटी आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

“कॅन्सर आहे,” तो म्हणाला. “पण नेहमीचा नाही. याला सार्कोमा म्हणतात. स्नायू, चरबी असल्या मऊ भागात होतो. फार कमी लोकांना होतो.”

“मग कापून टाका. तुमचा हात मला माहीत आहे.”

“कापायला मी उद्याही कापीन. पण असली गाठ मी आजवर एकदाच काढली आहे, तीही काय आहे ते माहीत नसताना. ती परत आली. पहिलं ऑपरेशन चुकलं की पुढचं सगळं अवघड होतं, बाई. तुम्ही जिथे हेच रोज करतात तिथे जा.”

“आणि ते ठिकाण मी ओळखायचं कसं?”

“सरळ विचारायचं. वर्षाला अशा किती गाठी बघता? तुकडा तुमच्याकडे परत तपासणार का? आणि सुरी लावायच्या आधी सगळे डॉक्टर एकत्र बसून ठरवतात का? जो या प्रश्नांना चिडेल, त्याच्याकडे जाऊ नका.”

बाहेर पडताना बाईंना त्याचा राग आला. इतकी वर्षं ओळखीचा माणूस, आणि ऐन वेळी अंग काढून घेतो. तो खरं बोलला होता हे घरी पोचेपर्यंत त्यांना पटलं. राग तरीही गेला नाही.

दादा आणि वहिनी दहा मिनिटांवर राहायचे. दादा बाईंहून मोठा, वीज मंडळातून निवृत्त झालेला. रिपोर्ट ऐकून त्याने चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. मग म्हणाला, “ते नवीन मोठं हॉस्पिटल झालंय ना बसस्टँडजवळ, तिथे दाखवू. डबा पोचवता येईल. मी रोज येईन.”

गेले दोघं बहीणभाऊ. काचेच्या इमारतीत गुळगुळीत फरशी होती, आणि स्वागताला बसलेली मुलगी बोलायला गोड होती. डॉक्टर सुटाबुटातला, घाईत. बाईंनी विचारलं, “अशा किती गाठी तुम्ही काढल्या आहेत?”

“आमच्याकडे सगळ्या सोयी एका छताखाली आहेत.”

“ते दिसलंच. गाठी किती?”

डॉक्टर दादाकडे बघून म्हणाला, “पेशंट इंटरनेटवर फार वाचतात हल्ली.” दादा कसनुसा हसला.

परत येताना रिक्षात दादाचा आवाज चढला. “तुला काय परीक्षा घ्यायची होती का त्याची?”

“हो. मी तेच तर करते रोज.”

“आणि समजा तिकडे लांब गेलीस, तर तुझ्याजवळ कोण बसणार? मला शंभर व्याधी, हिची कंबर धरलेली. कोण आहे आपलं तिकडे?”

बाईंनाही त्याच एका गोष्टीची भीती होती. मरणाचं एवढं काही वाटत नव्हतं. पण ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर खोलीत ओळखीचं कुणीच नसेल, हा विचार डोक्यातून जात नव्हता. दोन दिवस त्या घरात येरझाऱ्या घालत राहिल्या. आईच्या वेळी शेजारच्या खुर्चीत आपण होतो, तरी आई गेलीच, हेही डोक्यात येऊन गेलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी लांबच्या शहरातल्या सार्कोमा केंद्राला फोन लावला. तेच प्रश्न विचारले. पलीकडची बाई अजिबात चिडली नाही. उलट म्हणाली, “बरं झालं विचारलंत. गाठ अजून कुणी कापली नाही ना? मग लवकर या.”

दादाला कळवलं तेव्हा तो फक्त “तुझी मर्जी” म्हणाला आणि फोन वहिनीकडे दिला.

एक अख्खा दिवस आगगाडीत काढून बाई तिथे पोचल्या. इमारत जुनीच होती, बाकं लोखंडी. पण बाकांवर बसलेल्या कुणाला दंडात, कुणाला पाठीत, कुणाला बाईंसारखी मांडीत, तीच गाठ. इतके दिवस ‘सार्कोमा म्हणजे नक्की काय?’ या प्रश्नाला उत्तर देऊन त्या दमल्या होत्या. इथे कुणी तो प्रश्नच विचारला नाही. तुकडा परत तपासला गेला आणि गाठीची जात जराशी वेगळी निघाली. उपचारही बदलला. आधी काही आठवडे किरणांचे शेक, मग ऑपरेशन. तिथली डॉक्टरीण वयाने लहान होती, पण शब्द फिरवणारी नव्हती. “पाय वाचेल असं आम्हा सगळ्यांना वाटतं. मोठा स्नायू जाईल. पायात पूर्वीचा जोर येणार नाही.”

“ब्रेक दाबता येईल?”

“नाही सांगता येत. बहुधा नाही.”

बाईंनी मान हलवली. स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडला आणि हुंदका बाहेर ऐकू जाणार नाही याची काळजी घेत पोटभर रडल्या.

केंद्राजवळच्या गल्लीत एका निवृत्त परिचारिकेच्या घरी त्यांनी खोली घेतली. खिडकीतून समोर टायरचं दुकान दिसायचं. सकाळी शेक घ्यायचा, तो काही मिनिटांत संपायचा. मग दिवस नुसता पडून असायचा. शिकवणाऱ्या माणसाला दिवसभर बोलायची सवय. इथे कधी कधी संध्याकाळी घरमालकिणीने काही विचारलं की आवाज घशातच अडकायचा, इतका वेळ तोंड बंद राहिलेलं असायचं. रविवारी केंद्र बंद. त्या दिवशी टायरचं दुकानही बंद असायचं, आणि बाईंना त्या दुकानदाराचा उगीचच राग यायचा. नर्स दर खेपेला विचारायची, “सोबत कोण आहे?” पहिल्यांदा बाईंनी सांगितलं, भाऊ येणार आहे. मग सांगायला लागल्या, कुणी नाही.

दादाचा फोन यायचा. “जेवलीस का?” “जेवले.” “बरं.” एकदा फोन ठेवायच्या आधी तो म्हणाला, “आईच्या वेळी मी खोलीत यायचो नाही, बाहेर व्हरांड्यात थांबायचो. तुझ्या लक्षात आलं होतं?”

“आलं होतं.”

“मला नाही बघवत गं.”

“राहू दे दादा. नको येऊस,” बाई म्हणाल्या. त्याचं म्हणणं त्यांना कळलं. त्याने यावं असं मात्र वाटतच राहिलं.

ऑपरेशन सकाळी झालं. शुद्ध आली तेव्हा खोलीत खरंच ओळखीचं कुणी नव्हतं. छतावरचा पंखा होता, पलीकडच्या खाटेवरची घोरणारी बाई होती. ज्या क्षणाला त्या इतके दिवस घाबरत होत्या तो हाच, हे त्यांच्या लक्षात आलं. तहान लागली होती. त्यांनी घंटी दाबली, नर्सने ओठांना ओला कापूस लावला, आणि त्या परत झोपल्या. काही दिवसांनी रिपोर्ट आल्यावर डॉक्टरीण येऊन सांगून गेली, गाठ पूर्ण निघाली, कापलेल्या कडांना कॅन्सर नाही. ही बातमी सांगावी असं शेजारी कुणी नव्हतं. घोरणारी जागी झाल्यावर त्यांनी तिलाच सांगितली. “छान झालं हो,” ती म्हणाली आणि कुशीवर वळली.

आता त्याला बरीच वर्षं झाली. गाठ परत आलेली नाही. पाय आहे, पण जिना चढताना आधी डावा टाकावा लागतो. शेजारच्या सीटवर बाई पुन्हा बसल्या नाहीत. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाने त्यांना फळ्यावर रस्त्याच्या खुणा शिकवायचं काम दिलं. वर्गात सगळे समोर बसतात, घरचं कुणी काही सांगत नाही. जुने विद्यार्थी अजूनही ब्रेकबाई म्हणतात, नव्यांना त्या नावाचा अर्थ माहीत नाही.

तपासणीला दर काही महिन्यांनी त्याच गाडीने जावं लागतं. गेल्या खेपेला दादा अचानक म्हणाला, “या वेळी मी येतो.” बॅग भरून, मफलर गुंडाळून तो फलाटावर आला, डब्यात चढला, बाईंची बॅग वर ठेवली, पाण्याची बाटली खिडकीपाशी नीट उभी केली. मग थोडा वेळ तसाच उभा राहिला. “हिची कंबर आज जास्तच…” म्हणाला आणि आपली बॅग उचलून खाली उतरला. खिडकीतून त्याने बहिणीचा हात धरला. त्याचा तळवा घामेजला होता.

“जा तू घरी. ऊन लागतंय,” बाई म्हणाल्या.

गाडी सुटली. बाईंनी आखडलेला पाय समोरच्या रिकाम्या सीटवर लांब केला. दादा उतरल्यावर आपल्याला जरा सुटल्यासारखं वाटलं, हे जाणवून त्या चपापल्या. एकटीने जायची त्यांना सवय झाली होती. ती कधी लागली, हे आठवायचा त्यांनी प्रयत्न केला, पण तेवढ्यात तिकीट तपासनीस आला.