ज्याला मी अनोळखी म्हणालो

काळूबाईच्या कृपेची ही हकिकत मी भजनानंतर कितीदा तरी सांगितली आहे. हिर्डोशीहून भोरच्या दवाखान्यात नेताना बायकोला श्वास मिळेना, चढणीवर गाडी बंद पडली, मी देवीचा धावा केला आणि एक अनोळखी माणूस मदतीला आला, असं मी सांगायचो. ऐकणारे हात जोडायचे. त्यात एक खोट होती. तो माणूस अनोळखी नव्हता.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस माझ्याकडे जुनी डिझेल व्हॅन होती. भोरच्या बशीरभाई मिस्त्रींनी तिच्या इंजिनाचं काम केलं होतं. तेव्हा स्टँडवर आम्हा ड्रायव्हरांत पैज लागायची, गिअर न उतरवता तिसऱ्यातच चढण कोण काढतो. मी भरल्या गाडीनिशी काढली. इंजिन खडखडत होतं, पण मी हट्टानं गिअर उतरवला नाही. आठवड्याभरात बेअरिंग गेलं. स्टँडवर मात्र मी सांगितलं, "बशीरनं कच्चं काम केलं." त्यांची गिऱ्हाइकं तुटली.

काम दुसरीकडं करून घेतलं, पण खोड तीच राहिली. त्या दुपारी मागच्या बाकावर बायकोचे ओठ निळे पडत होते आणि गाडी तिसऱ्यात धापा टाकत बंद पडली. दोनदा सुरू केली, दोनदा बंद पडली. स्टिअरिंगवर डोकं टेकून म्हणालो, "आई, माझ्याच्यानं व्हत न्हाई. आता तूच बघ."

मागून स्कूटर आली. बशीरभाई होते.

"दादा, सरका तिकडं. वैनी, धीर धरा." पहिल्यात गाडी उचलून त्यांनी दुसरा टाकला. मी घाबरून म्हणालो, "इंजिन वरडतंय की!"

"वरडू द्या थोडं. खडखडलं की खालचा, किंचाळलं की वरचा. म्हातारी हाय, तिच्या दमानं घ्या."

ऑक्सिजन वेळेत मिळाला. बायको पुढं बारा वर्षं जगली. मी मात्र त्यांचं नाव गिळलं.

गेल्या महिन्यात त्यांच्या घरी जाऊन सगळं कबूल केलं. ते हसले. "इंजिन कुणी मारलं ते मला तवाच ठावं व्हतं, दादा."

"मग त्या दिवशी थांबलात कसे?"

"वैनी आत व्हत्या न्हवं?"

देवीपुढं मी हात टेकले होते, माथा नव्हता टेकवला. तो आज टेकवतो आहे. आईनं मदतीला पाठवलेल्या माणसाचं नाव बशीरभाई.