तिच्या नावातला च्च

लिफ्टपाशी समोरच्या आंटीची मुलगी भेटली आणि म्हणाली, आई गेली, हॉस्पिटलमध्येच. मी सोहमला कडेवर घेऊन नुसती उभी, आणि त्यानं नेहमीसारखं त्यांच्या दाराकडे बघून जिभेनं आवाज केला... च्च.

इथे परदेशात, हौगांगला, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये नोमच्चेबो आंटी राहायची, दक्षिण आफ्रिकेची, झुलू बोलणारी. लेकीकडे आलेली, लेक दिवसभर तांजोंग पगारला ऑफिसात. इकडे मी, नववी शिकलेली, इंग्लिश मोडकं, आणि अडीच वर्षांचा सोहम, तो काही म्हणजे काही बोलत नव्हता. साधं 'आई' नाही, 'बाबा' नाही. डॉक्टर म्हणाले थांबा, पण मी कशी थांबणार.

आंटीनं पहिल्याच दिवशी नाव सांगितलं. मध्येच तो आवाज, आपण हळहळताना करतो ना, तसाच. मला वाटलं सोपंय. तर कसलं काय... आवाज यायचा, पण नावात बसायचाच नाही. नोम, मग च्च, मग एबो. "माझ्या नावाचे तुकडे करून वाढतेस का गं?" ती हसायची. मग दारात बसून शिकवायची, जीभ पुढच्या दातांमागं लाव, चोख, सोड, आणि सोडतानाच पुढचं अक्षर धर, थांबू नकोस. असे अजून दोन आवाज होते, एक बाटलीचं बूच उडाल्यासारखा, एक बैल हाकताना गालातून काढतात तसा. मी घामाघूम. सोहम तिच्या तोंडात बोट घालून बघायचा. आणि एक दिवस त्यानंच केला, च्च, तिच्याकडे बोट दाखवून. हाक मारली त्यानं तिला. आंटी म्हणाली, "बघ, बोलेल हा. तू रडू नकोस, तू शिक."

ती गेल्यावरही रोज दिवेलागणीला तो दारात जायचा आणि च्च, च्च. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "अगं, गेलेल्या माणसाला तिन्हीसांजेला हाका मारू नयेत, आवर त्याला." मी घाबरले, त्याच्या तोंडावर हात ठेवला. तो गप्प झाला. दुसऱ्या दिवशीही गप्प, तिसऱ्याही... ते मला हाकेपेक्षा भयंकर वाटलं. एवढा एकच शब्द होता त्याच्याजवळ.

काल देवापुढे दिवा लावला आणि मीच त्याला घेऊन दारात गेले. समोर आंटीच्या चपला अजून तशाच आहेत, लेकीनं उचलल्या नाहीत. भीती वाटतच होती. जीभ दातांमागं लावली आणि म्हटलं, नोमच्चेबो, मध्ये न थांबता. सोहमनं माझ्या तोंडात बोट घालून बघितलं. मग चपलांकडे वळला, आणि... च्च.