एकशे ऐंशीची डबी

हसाचं असन तर आत्ताच हसून घ्या बापा! कारण आता काय सांगू तुमाले, असा येडेपणा साऱ्या चांदा जिल्ह्यात माह्याशिवाय कोणी केला नसन.

तवा मी आलापल्लीले लाकडाच्या ठेकेदाराकडे ड्रायव्हर होतो. लग्नाले वर्षही झालं नव्हतं. माही बायको शेवंता आजारी मायले पाहाले म्हणून माहेरी गेली, सिरोंच्याच्या वाटेवर, भर जंगलात. आठ दिवसांचे झाले तीन महिने! खोलीत तिची एक फणी राहून गेली होती. मी ती रोज उचलून पाहाचो अन् ठेवून द्याचो. घर खायाले उठे हो! दुसरं काय करता?

मग सासऱ्याचं कार्ड आलं. 'मिरग लागायच्या आधी न्या. नाले भरले का रस्ता बंद. मग पोरगी दसऱ्यालेच भेटन.'

दसरा? तोवर मी जगलो असतो का?

मालकाच्या हातापाया पडून त्याची जुनी मिलिटरीवाली जीप मागितली. मालक हो म्हणे, मी येण्याचा दिवस सासऱ्याले कार्डानं कळवला, पण ते बेणं चार मैलांत तापे. रहीमभाई मिस्त्रीनं उघडून पाह्यलं. "इसका थर्मोस्टॅट गया, भाऊ."

थर्मोस्टॅट म्हणजे पितळेची एक डबी. पाण्याचा दरवाजाच समजा. इंजिन तापलं का उघडते, पाणी रेडिएटरात जाऊन थंड होऊन येते. रहीमभाईजवळ तशा दोन नव्या डब्या होत्या. एकीवर आकडा एकशे साठ, दुसरीवर एकशे ऐंशी. साठवाली त्यानं स्टुलावर काढून ठेवली अन् नमाजाले निघाला.

"हात मत लगाना. मी येऊन बसवतो."

आता तुमीच सांगा, साठ मोठे का ऐंशी? मी मनात म्हटलं, वा रे मिस्त्री! ऐंशीवाली लपवते अन् मले हलका माल देते! माह्या हातात पाना होताच. ऐंशीवाली बसवली, पाणी भरलं अन् त्याची वाट न पाहता निघालो.

तो आकडा थंडाव्याचा नव्हता हो! किती तापल्यावर दरवाजा उघडाचा, त्याचा होता. ऐंशीवाली बर्फाच्या मुलखातली, उशिरा उघडणारी. अन् मी ती जेठाच्या उन्हात, गाळानं अर्ध्या बुजलेल्या रेडिएटरवर टाकली!

पाच मैलांवर पहिली वाफ. नाल्यातलं पाणी आणून ओतलं. आठव्या मैलावर पुन्हा. तिथी एक गोंड म्हातारा बिडी ओढत माही गंमत पाहून राह्यला होता.

"हिले ताप आला का?"

"अजी आजोबा, सगळ्यात भारी डबी टाकली!"

"मंग काऊन शिजून राह्यली?"

मी पाणी ओतून पुढे निघालो. दहाव्या मैलावर इंजिनानं एक आचका दिला अन् गाडी बसली ती बसलीच. दिवस कलला. वर ढग जमून राह्यले होते. मी रस्त्याच्या कडेले बसलो अन् खरं सांगतो, रडलो. गेली शेवंता दसऱ्यावर!

तेवढ्यात घुंगरांचा आवाज. समोरून बैलबंडी येत होती. हाकणारा माहा साळा, अन् मागे ट्रंकेवर कोण? शेवंता!

"अवो, तुमी इथी काऊन बसले?"

"तुले... तुले न्यायलेच निघालो होतो."

"सकाळपासून दारात उभी होती मी. गाडी येते ना येते! बाबाले म्हटलं, आता मी नाई थांबत. मीच निघाली." डोळे पुसून ती हळूच म्हणे, "दसऱ्यापर्यंत मले तरी राहवलं असतं का?"

मी हवेतच! म्हटलं, मालकाची जीप गेली चुलीत. टुणकन बंडीत चढलो, तिच्याजवळ बसलो. हात हातात घेणार, तोच साळा म्हणे, "भाऊजी, जीप इथीच सोडता? जंगलात काही राहीन का तिचं?"

आम्ही तिघांनी जीप फिरवली, दोरानं बंडीच्या मागे बांधली. साळा बैल हाकणार. मग जीपचं स्टेरिंग कोण धरन? मीच!

शेवंतानं एकदा मागे पाह्यलं, पण उतारावर साळा ओरडला, "बाई, समोर पाहून बस, तोल जाईन! भाऊजी, तुमी ब्रेकवर ध्यान द्या!"

तीन महिने जिच्या तोंडासाठी झुरलो, आलापल्लीपर्यंत तिची नुसती पाठ पाहात गेलो. अन् तीही ब्रेक दाबत!