कोरड्या टाकीत लोखंड वाजत होतं

गूढ अनुभवांची अशी सदरं मी वाचते ती खरं तर चुका काढायला. आमचं घर बौद्ध. नवस, अंगारा, अंगात येणं... यातलं काही आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलं नाही. मी देऊळगाव राजाला एका मेडिकलमध्ये फार्मासिस्ट आहे. "बाहेरचं झालंय" म्हणत येणाऱ्याला आधी डॉक्टरकडे पाठवणारी मीच. तरीही हे लिहितेय, कारण घडलं ते माझ्यासमोर घडलं.

माझे मिस्टर, मिलिंद, जहाजावर असतात. जहाज म्हटलं की लोकांना माल नाहीतर तेल आठवतं. यांचं काम वेगळं. युरोपकडे भर समुद्रात पवनचक्क्या उभ्या आहेत. त्यांची वीज किनाऱ्यावर आणणारी केबल समुद्राच्या तळाशी टाकायची, कुठे बिघडली तर वर उचलायची, जोडायची आणि पुन्हा खाली सोडायची. त्यासाठी जहाजाच्या पोटात एखाद्या विहिरीपेक्षाही रुंद अशी गोल टाकी असते आणि तिच्यात केबलची वेटोळी रचलेली असतात. मिलिंद तिथे फिटर. आयटीआय करून जालन्याच्या कारखान्यात लागले आणि तिथून धडपड करत इथवर पोचले.

घरी मी आणि सासूबाई. त्यांचं माहेर संग्रामपूरकडचं, बोली अजून तिकडचीच. समुद्र त्यांनी पाहिलेला नाही.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्याकडे नळ किती दिवसांनी येईल याचा नेम नाही, त्यामुळे गच्चीवरची टाकी कोरडी पडलेली. साधी काळी प्लास्टिकची टाकी. त्या दिवशी मला सुट्टी होती. ऊन कलत होतं, सासूबाई गच्चीवर वाळवण गोळा करायला गेल्या आणि तिथूनच त्यांनी मला हाक मारली.

टाकीतून आवाज येत होता. ठण्... ठण्... मध्ये थांबून पुन्हा ठण्.

मला वाटलं, उन्हाने प्लास्टिक तडतडत असेल. झाकण काढून आत पाहिलं - तळाला वाळलेला गाळ, बाकी काही नाही. पण मी वाकलेली असतानाही आवाज चालूच होता. आणि तो प्लास्टिकचा नव्हता हो. लोखंडावर लोखंड मारल्यासारखा होता. पाइप हलवून पाहिला, शेजारच्या गच्च्यांवर नजर टाकली. कुठेच कोणी नव्हतं.

सासूबाईंच्या हातात पाणी प्यायचा स्टीलचा गिलास होता. त्यांनी तो टाकीवर आपटला. आतला आवाज थांबला. मग आधीपेक्षा जोरात आला, घाईघाईने, थांबायचं नाव न घेता.

"मिलिंद हाय थो," सासूबाई म्हणाल्या.

मी त्यांना म्हटलं, आई, काहीतरी बोलू नका. त्या माझ्याशी वाद घालत बसल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "फोन लाव त्याले."

मिलिंदची शिफ्ट एव्हाना संपलेली होती. शिफ्ट संपली की ते फोन करतातच. त्या दिवशी आला नव्हता. मी लावला, रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. मागून ठण् ठण् चालूच होतं.

ज्या एजन्सीतर्फे ते जहाजावर जातात, तिचा इमर्जन्सी नंबर माझ्याकडे होता. पण तिथे सांगणार काय? आमच्या पाण्याच्या टाकीत आवाज येतोय, म्हणून जहाजावर माणूस शोधा? मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांना न विचारताच कळलं.

"सांग त्याइले, बुढी मरून राह्यली म्हना."

तसंच सांगितलं. फोनवरचा माणूस नम्र होता. म्हणाला, जहाज कामावर आहे, मेसेज देतो, संध्याकाळपर्यंत ते स्वतः फोन करतील. मी म्हटलं, संध्याकाळ नको, आत्ता हवेत. त्याने ईमेल टाकतो म्हणून फोन ठेवला. मी परत लावला. तो म्हणाला, मॅडम, प्रोसेस असते. मी परत लावला. मी आयुष्यात कोणाशी इतक्या हट्टाने बोललेली नाही. शेवटी म्हटलं, त्यांच्या केबिनवर जाऊन दार वाजवायला एक माणूस पाठवा, तुम्ही मला त्यांचा आवाज ऐकवेपर्यंत मी हा फोन ठेवणार नाही. मग तो म्हणाला की जहाजावर थेट बोलतो, पण त्यासाठी तुम्हाला फोन ठेवावा लागेल. तेव्हा कुठे ठेवला.

गच्चीवर सासूबाई टाकीला टेकून बसल्या होत्या, गिलास वाजवत. आतला आवाज आता मंद झाला होता. दोन ठोक्यांमधली वेळ वाढत चालली होती. त्या टाकीशी बोलत होत्या - "झोपू नको रे बावा, ठोकत राह्य."

एजन्सीचा फोन आला. त्या माणसाचा सूर बदलला होता. मिलिंद केबिनमध्ये नाहीत, बिछाना तसाच आहे, जहाजावर शोध सुरू केलाय. त्याने मला विचारलं, ते कुठे असतील याची काही कल्पना आहे का? माझ्या तोंडून निघून गेलं, "टाकीत बघा. टाकीच्या आसपास... कुठेतरी बंद जागेत."

त्यानंतर थोड्या वेळाने ठोके थांबले. सासूबाईंनी गिलास वाजवून पाहिला, पुन्हा पुन्हा वाजवला. उत्तर आलं नाही. आम्ही दोघी तिथेच तापलेल्या स्लॅबवर बसून राहिलो. एकमेकींकडे बघायची हिंमत नव्हती.

बराच वेळ गेला आणि फोन वाजला. मिलिंद सापडले होते. बेशुद्ध होते, पण श्वास चालू होता.

झालं होतं ते असं. शिफ्ट संपता संपता त्यांचा पाना केबलच्या टाकीखालच्या एका अरुंद पोकळीत पडला. पटकन काढून आणू म्हणून ते झाकणातून आत उतरले. इतक्यात कोणीतरी आत माणूस नाही असं समजून ते झाकण लावून टाकलं. लोखंडाच्या आत वॉकीटॉकी चालेना. अशा बंद, गंजलेल्या जागेत हवेतला ऑक्सिजन कमी होतो, माणसाला नुसती झोप येते आणि तो उठत नाही. ते पान्याने ठोकत राहिले, पण वर इंजिनांचा एवढा गोंगाट की कोणाला काही ऐकू गेलं नाही. पुढच्या शिफ्टपर्यंत त्यांना कोणी शोधलंही नसतं... ते झोपलेत असंच सगळे धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला तेव्हा ते आधी रडले, कारण आई गेली असंच त्यांना वाटत होतं. सासूबाईंनी फोन घेऊन त्यांना जेवलास का विचारलं.

मग मिलिंदनी आत अडकले असतानाचं सांगितलं. टाकीचं मी त्यांना तोवर काहीच सांगितलं नव्हतं. ते म्हणाले, "डोळे मिटत होते, पण वरून कोणीतरी उत्तर देत होतं. भांडं वाजवल्यासारखा बारीक आवाज. म्हणून मी ठोकत राहिलो." जहाजावर त्यांनी सगळ्यांना विचारलं. कोणीही ठोकलं नव्हतं.

मी कारण शोधायचं सोडलेलं नाही. प्लंबर आणून पाइपातली हवा तपासली. टाकी रिकामी करून भर उन्हात बसून पाहिलं. तसा आवाज परत कधी आला नाही. योगायोग म्हणावं, तर मग तिकडे ऐकू आलेल्या भांड्याचं काय करू? मला खरंच सांगता येत नाही. सासूबाईंना यात न समजण्यासारखं काही वाटत नाही. त्या म्हणतात, "थो ठोकून राह्यला होता, म्या ऐकलं."

मिलिंद आता परत त्याच कामावर जात आहेत. जायचंच असं त्यांनी ठरवलं आणि मीही अडवलं नाही. बॅग भरताना त्यांनी मला विचारलं, "तू एवढं आकाशपाताळ एक केलंस, आणि मी केबिनमध्ये घोरत पडलेला निघालो असतो तर?"

मी म्हटलं, "तर तुम्ही मला जन्मभर हसला असता. चाललं असतं मला."