काटापूजनाच्या दिवशीचा उणे कापूस

परवा गादीवाल्याने कापसाचं पोतं सोडलं आणि सरकीचा तेलकट वास आला. मी थेट ऐंशीच्या दशकात, पुलगावच्या जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, पोचले.

हंगामाचं काटापूजन होतं. जिनिंगचे मालक बापूकाका आमचे शेजारी. त्यांच्या नव्या कॉम्प्युटरवर माझा सी भाषेतला पहिलाच प्रोग्राम कापसाची बेरीज करणार होता. काकांनी वजनकाट्याला कुंकू लावलं, तसंच कॉम्प्युटरलाही. कापसाने भरलेल्या बैलबंड्या काट्यावरून जाऊन रिकाम्या होत गेल्या, किलोंचा आकडा चढत गेला आणि बत्तीस हजारांपुढे अचानक उणे झाला.

"काऊन वं पोरी," काका म्हणाले, "माहा कापूस वावरात वापस जाऊन राह्यला का?"

सगळे हसले. मला रडूच यायचं बाकी होतं. फाटकाबाहेर बंड्या खोळंबल्या. मग उमगलं. पूर्णांकासाठीचा 'इंट' कॉलेजच्या मोठ्या मशीनवर चार बाइटचा होता, इथे दोनच बाइटचा. एवढा आकडा त्यात मावत नव्हता. "आकड्याला जागा कमी पडली," मी काकांना सांगितलं. इथे चार बाइटचा 'लाँग' हवा होता. पण उद्या मशीन बदललं तर? म्हणून मी 'वजन' नावाचा आकड्याचा स्वतःचा प्रकार केला. त्याची रुंदी ठरवणारी ओळ एकच, सगळ्यात वर. बदलायची तर तेवढीच.

आता चार बाइटचा, म्हणजे बत्तीस बिटांचा पूर्णांक नावानिशी तयार मिळतो. तेव्हा तो हाताने घडवावा लागला, आणि हे काम आपल्याला जमेल, हे मला त्या एका ओळीने सांगितलं.

बेरीज बत्तीस हजार ओलांडून सरळ पुढे गेली. काकांनी वाकून पडदा पाहिला आणि फाटकाकडे वळून हाक दिली, "येऊ द्या रे बंड्या, जागा झाली!"