कृष्णनाथ भटांचा विश्वासू लॅपटॉप

पेडण्याच्या कृष्णनाथ भटांचा जगात कोणावर विश्वास नव्हता. नंदादीप विझला तरी त्यांना वारा नाही, माणूसच आठवायचा. विश्वास फक्त एका वस्तूवर, पत्रिका करायच्या छोट्या लॅपटॉपवर.

एके काळी या लॅपटॉपचं काय कौतुक! वहीएवढा आणि मोठ्याच्या निम्म्या किमतीत मिळणारा. दोन-चार वर्षं म्हापशाच्या दुकानांत जो तो हाच मागायचा. मग फोन मोठे झाले, मोठे लॅपटॉप स्वस्त झाले, आणि कंपनीने हे बनवणंच बंद केलं. भटांची बोटं त्यावर एकमेकांवर चढत, पडद्यावर कुंडली अर्धीच मावे. बॅटरीने तर कधीच राम म्हटला होता, सगळं चार्जरवर. पण नवा घेतला तर आपली गिऱ्हाइकं कंपनीला कळतील, असा भटांना वहीम.

श्रावणात त्यांची पोवळ्याची आंगठी हरवली. घर धुंडाळायचं सोडून, गेलेली वीज येताच भटांनी लॅपटॉपवर त्या घटकेची प्रश्नकुंडली मांडली. चोर सप्तम स्थानावरून बघतात. तिथे शुक्र, म्हणजे बाईमाणूस. आणि घरात बाईमाणूस एकच, सून समीक्षा. भटांनी तिच्यासमोर कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली जानव्याला बांधली. समीक्षा काय ते समजली. तिचा नवरा अमोल म्हापशात भाड्याची खोली बघू लागला, तेव्हा भट मनात म्हणाले, चोरी पचली नाही वाटतं.

एकादशीला शेजारचे शांताराम हरवलेल्या म्हशीचा प्रश्न घेऊन आले. वीज मघाशीच जाऊन पुन्हा आलेली. भटांनी कुंडली मांडली, तर तिथी पौर्णिमा! सकाळपासून उपाशी असलेल्या माणसाला ते कसं चुकेल? तारीख पाहिली, तर कुठल्या तरी जुन्या सालातली एक जानेवारी. वीज गेली की लॅपटॉपचं घड्याळ तिथेच जाऊन बसत होतं. म्हणजे सप्तमातला तो शुक्रही त्या जुन्या तारखेचाच.

भटांना लाज वाटली, अगदी मनापासून. शांतारामांना वाटेला लावून ते स्वयंपाकघरात गेले. समीक्षा कागदात भांडी गुंडाळत होती. झाली चूक त्यांनी सांगून टाकली, आणि म्हणाले, त्या दिवसाची खरी वेळ घालून कुंडली परत मांडतो, म्हणजे सगळं स्वच्छ होईल.

"मामंजी," समीक्षा म्हणाली, "मशीन चुकलां म्हणून मी चोर नाय, असां नाय. मी चोर नायच. आणि परत मांडल्यावर शुक्र थंयच, सप्तमात दिसलो तर?"

भट जानव्याला बांधलेली किल्ली चाचपू लागले. समीक्षाने पुढचं भांडं उचललं.