समजून न्हाई राहिलं

कळमनुरीत नांदेड रोडच्या अलीकडच्या गल्लीत एका दारावर पाटी आहे. पाटीवर 'देविदास रामकिशन पोले' असं नाव आहे, पण ते मधोमध नाही, चांगलं उजवीकडे सरकलेलं आहे. डावीकडची जागा 'डॉ.'साठी राखलेली. पेंटरला तसं बजावूनच सांगितलं होतं. पुढं पाटीचा रंग उडाला, नवा दिला, तोही विटला, तरी ती जागा काही भरली नाही. गल्लीतली माणसं पत्ता सांगताना 'ते सरकलेल्या पाटीचे सर' असंच सांगतात.

पोले सर कॉलेजात इंग्रजी शिकवतात. वारंगा फाट्यापलीकडच्या गावात वडिलांची मेंढरं आहेत. घराण्यात इंग्रजीचा पहिला शब्द देविदासनंच आणला आणि आणल्यापासून तो कधी खाली ठेवला नाही. बायकोला हाक मारायची तरी 'राधिका, प्लीज कम' म्हणायचं. ती स्वयंपाकघरातून म्हणायची, "हात पिठात हाय, तुमीच कम."

पीएच.डी. म्हणजे काय, हे रामकिशनबांना कुणी नीट सांगितलं नव्हतं. पोरगं डॉक्टर होणार एवढं त्यांना पुरलं. त्यांनी ते आठवडी बाजारात ज्याला त्याला सांगितलं. मग देविदास गावी गेला की कुणीतरी लंगडणारी शेळी ओढत दारात हजर.

"बा, मी त्यातला डॉक्टर नाही," देविदास कळवळून सांगायचा.

"मंग कशातला?"

"इंग्रजीतल्या चुकांचा."

म्हातारा विचार करून म्हणायचा, "त्येबी एक दुखणंच हाय."

आणि ते खरंच होतं. हिंगोली जिल्ह्यातली कॉलेजातली पोरं इंग्रजी बोलताना कोणत्या चुका करतात, हाच देविदासच्या संशोधनाचा विषय होता. चुका गोळा करायच्या, त्यांचे खाने पाडायचे आणि एकेक चूक बरोबर आपापल्या खान्यात नेऊन बसवायची. 'माय फादर इज हॅविंग गोट्स' एका खान्यात, 'आय टोल्ड टू हिम' दुसऱ्यात. चौथा खाना त्याचा सगळ्यात लाडका. जिथं साधा वर्तमानकाळ हवा तिथं पोरं 'आयएनजी' लावतात, अशा चुका त्यात होत्या. 'आय ॲम नोइंग', 'आय ॲम बिलीव्हिंग', 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग'. त्यावर त्यानं प्रबंधाचं आख्खं चौथं प्रकरण लिहिलं होतं आणि त्या प्रकरणावर त्याचा फार जीव होता.

चूक कानावर पडली की सरांचा चेहरा खुलायचा. खिशातून मोबाईल निघायचा, रेकॉर्डिंग सुरू व्हायचं. "परत एकदा म्हण बरं, अगदी तसंच!" एसटी स्टँडवर, झेरॉक्सच्या दुकानात, एकदा तर मयताला गेलेल्या ठिकाणी. पोरंही हुशार. सर नाराज दिसले, की कुणीतरी मुद्दाम एक चूक करून टाकायचं. एखादा चुकून सलग चार वाक्यं बरोबर बोलला तर सर 'गुड' म्हणायचे खरे, पण तोंड पडलेलंच असायचं.

राधिका एकदा जेवताना म्हणाली, "अवो, तुमी चुका वेचून राहिले, पण पोराला शिकवून कोन राहिलं?"

"ते सिलॅबसमध्ये आहे," देविदास म्हणाला आणि भाकरीचा तुकडा मोडला.

त्याच वर्गात शिला होती. वसराम राठोडची पोरगी, तांड्यावरून यायची. घरी बंजाऱ्यांची गोरमाटी बोली, गावात मराठी, बाजारात हिंदी, आणि या तिन्हींवर चौथी म्हणून इंग्रजी. पहिल्या वर्षापासून तिसऱ्या बाकावर बसणारी. एके दिवशी देविदास दुसऱ्याचं बोलणं आपल्या तोंडानं कसं सांगायचं ते शिकवत होता. त्यानं फळ्यावर लिहिलं, एक माणूस म्हणाला, 'आय ॲम हंग्री.' ते सांगताना आपण म्हणायचं, 'ही सेड दॅट ही वॉज हंग्री.' झालं. सगळ्या वर्गानं उतरवून घेतलं. शिला उभी राहिली.

"सर, आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग."

सरांचा चेहरा उजळला. मोबाईल निघाला. तिनं परत म्हटलं. मग सरांनी मायेनं समजावलं, "शिला, असं नाही म्हणत. आय डू नॉट अंडरस्टँड."

"आय डू नॉट अंडरस्टँड," शिला म्हणाली.

"व्हेरी गुड! सीट डाऊन."

शिला खाली बसली. वाक्य बरोबर आलं होतं, सर खूश, वर्ग खूश. धडा पुढं गेला. शिलाचं ते वाक्य रेकॉर्डिंगमधून प्रबंधात गेलं, चौथ्या खान्यात, बाकीच्यांबरोबर.

प्रबंध एकदाचा जमा झाला आणि तोंडी परीक्षेची तारीख आली. नांदेडला जायचं होतं. हैदराबादहून परीक्षक बाई येणार होत्या. मार्गदर्शक सरांनी देविदासला आधीच सांगून ठेवलं, "घाबरू नका. आता एवढी एकच खिंड राहिली. बाई विचारतील त्याला नीट उत्तरं द्या, त्यांनी सही केली की झालात तुम्ही डॉक्टर." देविदासला आठवडाभर जेवण गोड लागलं नाही. राधिकानं हळूच पेंटरला निरोप धाडला. वर्गातली पोरं जीप करून निघाली, हार, शाल आणि पेढ्यांचा पुडा घेऊन. रामकिशनबा पुढच्या सीटवर नवं पागोटं बांधून बसले. पोरगं डॉक्टर होताना कसं दिसतं, हे त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं.

हॉलमध्ये पहिला अर्धा भाग छान गेला. देविदासनं पडद्यावर खाने दाखवले. पोरं मागच्या रांगेत एकमेकांना कोपर मारत होती, "ती माझी हाय," "ती तुही न्हाई, माझी हाय." प्रबंधात आपली चूक आली याचा त्यांना फार अभिमान.

मग बाईंनी प्रश्न विचारला. हैदराबादी इंग्रजी, धावतं, आणि प्रश्न चांगला लांबलचक. देविदासनं कान टवकारले, कपाळाला आठ्या घातल्या, पुढं वाकला. आणि त्याच्या तोंडून निघालं,

"मॅडम, आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग युवर क्वेश्चन."

मागून कुणीतरी अगदी हळू, पण सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणालं, "चौथा खाना."

पोरं फिदीफिदी हसली. देविदासच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बाईंनी प्रबंध उघडला, चौथं प्रकरण काढलं आणि गालातल्या गालात हसत विचारलं, हे वाक्य तुम्ही चूक म्हणून नोंदवलंय, मग आत्ता तुम्ही केलीत ती काय?

मार्गदर्शक घाईघाईनं म्हणाले, "स्लिप, मॅडम. जस्ट अ स्लिप." आणि देविदासला डोळ्यांनी खुणावलं, म्हण, म्हणून टाक. तेवढा एक शब्द म्हटला की खिंड ओलांडली. पाटीवरची जागा भरली, बांचं पागोटं सार्थकी लागलं. देविदासच्या अगदी जिभेवर आला होता तो शब्द.

पण त्याला ठाऊक होतं, जीभ घसरली नव्हती. बाईंचा प्रश्न त्याला कळला नव्हता असं नाही. तो कळायला लागला होता, अर्धा आत आला होता, अर्धा दारात होता. बाईंनी परत एकदा सांगावा, एवढंच त्याला म्हणायचं होतं. त्याला मागच्या रांगेत शिला दिसली. ती हसत नव्हती. हार सांभाळत बसली होती. देविदासला तिचं ते उभं राहणं आठवलं आणि त्याला लाज वाटली.

"मॅडम," तो म्हणाला आणि त्याची इंग्रजी तिथंच संपली. तो हिंदीवर आला. "हमारे हिंगोली में एक होता है 'समजत नाही', और एक होता है 'समजून नाही राहिलं'. आपके उधर भी होगा. समझ में नहीं आता, और समझ में नहीं आ रहा."

"बिल्कुल है," बाई म्हणाल्या.

"पहला बोलके आदमी बैठ जाता है, मॅडम. दूसरा बोलके खड़ा रहता है. के अभी कोशिश चालू है, आप एक बार और बोलो." त्यानं मागच्या रांगेकडं पाहिलं. "मेरे क्लास में एक लड़की खड़ी रही थी. मैंने उसका वाक्य दुरुस्त किया और उसको बैठा दिया. परीक्षा में डू नॉट ही लिखना पड़ेगा, वो बराबर है. पर वो पूछ रही थी, मॅडम. मैंने सुना नहीं. ये स्लिप नहीं है. मेरा चौथा प्रकरण गलत है."

मार्गदर्शकांनी कपाळाला हात लावला. आयुष्यात असा उमेदवार त्यांनी पाहिला नव्हता.

बाई पेनाला टोपण लावून म्हणाल्या, की आजवरच्या तोंडी परीक्षांत हे सगळ्यात चांगलं उत्तर आहे, आणि म्हणूनच आपण आज सही करू शकत नाही. ज्यानं लिहिलं तोच गलत म्हणतो, ते प्रकरण पास कसं करायचं? परत लिहा. मग बोलवा.

बाहेर जीपजवळ सगळे उभे होते. हार कुणाच्या गळ्यात घालावा, हे कुणाला सुचेना. पेढ्यांचा पुडा मात्र रिकामा झाला होता. पोरांनी आत वाट बघता बघताच त्याचा निकाल लावला होता. रामकिशनबा पुढं आले.

"देवा, काय झालं रं? नापास?"

"न्हाई बा," देविदास म्हणाला. कॉलेजला लागल्यापासून त्याच्या तोंडून असं 'न्हाई' आलं नव्हतं. "शिकून राहिलो."

"अजून?" म्हाताऱ्यानं विचारलं, आणि पागोटं सोडून घाम पुसायला घेतलं.

घरी पाटीखाली पेंटर स्टुलावर चढून बसला होता. राधिकानं नवऱ्याचं तोंड पाहिलं आणि पेंटरला चहा पाजून वाटेला लावलं.

दुसऱ्या दिवशी देविदास वर्गात आला. हजेरी घेतली नाही, मोबाईल टेबलाच्या खणात टाकला. फळ्यावर जाऊन त्यानं तेच जुनं वाक्य लिहिलं, 'ही सेड दॅट ही वॉज हंग्री', आणि वळून तिसऱ्या बाकाकडं पाहिलं.

"शिला, त्या दिवशी काय समजून न्हाई राहिलं होतं?"

वर्ग एकमेकांकडं बघायला लागला. सर आपल्यासारखं बोलून राहिले! शिला उभी राहिली. जरा घुटमळली.

"सर, तो मानूस म्हनला भूक लागली. मंग आपुन सांगताना 'वॉज' काहून म्हनायचं? मधी जेवला का तो?"

वर्ग खो खो हसला. देविदास हसला नाही. त्याला आज पहिल्यांदा कळलं, की प्रश्न किती चांगला होता, आणि तो किती दिवस उपाशी बसला होता. त्यानं खडू उचलला. जेवला नाही, भूक अजून असू शकते, फक्त त्याचं बोलून झालंय, म्हणून काळ मागं जातो. त्यानं एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, एकदा मेंढरांवर घालून सांगितलं. शिलाची मान हलली.

"आता बस," तो म्हणाला.

शिला बसली नाही.

"अजून काही समजून न्हाई राहिलं का?"

"व्हय सर."

"कुठपासून सांगू?"

शिलानं एकवार वर्गाकडं पाहिलं, एकवार सरांकडं.

"फर्स्ट इयरपासून, सर."

आता कुणीच हसलं नाही. मागच्या बाकावरची दोन पोरं उभी राहिली, मग आणखी चार, मग सगळा वर्गच. देविदासनं डस्टर घेतलं आणि फळा पुसायला लागला.